लिगायाचं कार्ड आणि गुरुवारचं सूप

आमच्या हाउकिलाम्पी गावात गुरुवारी वाटाण्याचं सूप करतात. गावातच कशाला, देशभर करतात. शाळेत, पलटणीत, इस्पितळात, गुरुवार म्हटलं की सुके हिरवे वाटाणे आणि डुकराचं मटण. मग लोक माझ्याच सुपाच्या मागे हात धुऊन का लागले, ते विचारू नका. त्याची सरकारदरबारी नोंद झालीय म्हणे. होऊ दे. पण काय झालं ते माझ्या तोंडून ऐका, कारण टाउनो सांगतो त्यात निम्मं त्याच्याच शहाणपणाचं कौतुक असतं.

माझं नाव लेम्पी. नवरा एर्की जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा योर्मा परदेशात, स्टॉकहोमला काँप्युटरसमोर बसतो, आणि मी इथे गाई सांभाळते. माझ्या डाव्या खुब्याचं हाड झिजून झिजून संपलंय. ऑपरेशन करायचं होतं, पण गाईंना काय सांगणार, बायांनो, मी येईपर्यंत दूध धरून ठेवा?

वरच्या खोलीत लिगाया राहायची, भाड्याने. पोरगी फिलिपिन्सची. तालुक्याच्या वृद्धाश्रमात साफसफाईला होती. संध्याकाळी घरी आली की उगाच गोठ्यात यायची आणि गाईंशी आपल्या भाषेत गप्पा मारत बसायची. आमची हेलुना फार खाष्ट. तिने मला लाथ मारलीय, गुरांच्या डॉक्टरला मारलीय, एकदा तर दुधाच्या टँकरवाल्यालाही मारलीय. पण लिगाया बोलायला लागली की ही बया डोळे मिटून उभी! मला तर हेवाच वाटायचा.

मग एक दिवस लिगायाच्या ठेकेदाराने गाशा गुंडाळला. कंपनी बंद, काम बंद. आता आमच्याकडे परदेशी माणसाला राहायचं आणि काम करायचं मिळून एकच कार्ड मिळतं. सोय चांगली आहे, पण त्यात मेख अशी की काम गेलं की राहणंही लटकतं. काही महिन्यांत दुसरं काम मिळवायचं, नाहीतर चला घरी. मी म्हटलं, पोरी, रडतेस कशाला? मला गोठ्याला माणूस हवाय, तुला काम हवंय, झालं की! मी तिला घेऊन कार्डाच्या ऑफिसात गेले. तिथली मुलगी म्हणाली, "हिच्या कार्डावर साफसफाई लिहिलंय. गोठ्यासाठी वेगळा अर्ज लागेल."

"गोठ्यात साफसफाई नसते का?" मी विचारलं. "शेण काय आपोआप उडून जातं?"

"वेगळा अर्ज," ती म्हणाली. एवढंच.

अर्ज केला. नोकरीची जाहिरातही लावली, कारण इथला कोणी मिळत नाही हे आधी दिसावं लागतं. मी जाहिरातीत काही लपवलं नाही. पहाटेच्या धारा, शेण, बर्फ, रविवारसुद्धा. टाउनोचा पुतण्या तेवढा चौकशीला आला. किती वाजता उठायचं ते ऐकलं, आणि अंगणात चालू ठेवलेल्या गाडीत बसून तसाच निघून गेला. बाकी गावात तरण्याताठ्यांच्या पाठी एकदम दुखायला लागल्या.

निकाल लागेपर्यंत लिगायाला राहता येणार होतं, पण काम करायचं नाही. गाईच्या आचळाला हात लावायचा नाही. आणि पोरगी एवढी नियमाची की दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून गोठ्याच्या दारात उभी राहायची. हेलुना तिच्याकडे बघून हंबरायची. शेवटी मी हेलुनाला म्हटलं, बाई, माझ्यावर ओरडू नकोस, ऑफिसात जाऊन ओरड.

त्यातच मी गोठ्याच्या पायरीवर बर्फावरून घसरले. खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वाकणं बंद. लिगायाने मला धरून घरात आणलं, आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "हे हात इथे आहेत, आणि काही करता येत नाही, नानाय," ती म्हणाली. तिच्याकडे आईला नानाय म्हणतात. मला ती पहिल्यापासून तसंच म्हणायची. मी तिला कधी म्हण असं सांगितलं नाही, आणि नको म्हणूस असंही नाही.

आता टाउनोची गोष्ट. टाउनो जन्मभर बस चालवत होता. निवृत्त झाल्यापासून त्याला वेळापत्रकाशिवाय करमत नाही, म्हणून तो गावच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. मी पडल्याचं कळताच तो काठी टेकत आला आणि म्हणाला, "लेम्पी, इर्जिक करू."

इर्जिक आमच्या रक्तातच आहे. कोणाचं छप्पर पडलं, कोणाचं गवत भिजायला आलं की सगळ्यांनी मिळून हात लावायचा. पैशाचं नाव काढायचं नाही. पण ज्याचं काम त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. ते केलं नाही तर पिढ्यान्‌पिढ्या नाक वर करून चालता येत नाही. तर पहिल्या दिवशी बरीच माणसं आली, कामं उरकली, आणि मी कशीबशी उभी राहून वाटाण्याचं सूप वाढलं. दुसऱ्या दिवशी टाउनो एकटाच आला. बाकीच्यांची पोटं बिघडलेली, आणि तोही म्हणाला, पोट जरा नरम आहे.

"साथ आलीय वाटतं," मी म्हटलं.

"असेल," टाउनो म्हणाला आणि चुलीकडे न बघता फावडं उचलून गेला.

त्या दुपारी लिगाया माझ्याजवळ आली. "नानाय, मला भूक लागलीय. मी माझ्यासाठी काही करू का? जरा जास्तच करते." घरातल्या माणसाला घरात स्वयंपाक करायला कार्ड लागत नाही, हे मी ऑफिसात फोन करून विचारलं होतं. तिने कोबी, गाजर, कोंबडी घालून शेवया परतल्या, त्याला तिच्याकडे पान्सित म्हणतात. खिम्याच्या बारीक सुरळ्या तळल्या. त्यांचा वास खिडकीतून बाहेर गेला आणि रस्त्याला लागला. दुसऱ्या दिवशी अंगणात गाड्या लावायला जागा नव्हती! ज्यांनी लहानपणापासून गाय फक्त दुधाच्या डब्यावर बघितलेली, ते बूट घालून हजर. गोठ्यात गाईंपेक्षा माणसं जास्त झाली. दुकानवाली रैली तर दुकानाला कुलूप लावून आली. दारावर चिठ्ठी, 'धारांना गेलेय.'

मी आपली खूश. म्हटलं, बघा गाव कसं धावून येतं. साथ पण ओसरली.

मग तालुक्याच्या साप्ताहिकाचा माणूस आला. त्याने पान्सित खाल्लं, दोनदा घेतलं, आणि फोटो काढला. पुढच्या अंकात पहिल्या पानावर, ही मोठी अक्षरं: 'हाउकिलाम्पीने करून दाखवलं! आपल्या गाई आपणच सांभाळू!' टाउनोने तो अंक रैलीच्या दुकानाच्या दारावर चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून आपला चेहरा दाखवायला लागला.

सोमवारी फोन आला. पलीकडे एक मुलगी, नाव केर्तू, आवाज अगदी गोड. आमचा अर्ज तिच्या टेबलावर होता.

"तुम्ही लिहिलंय की कामाला इथलं माणूस मिळत नाही," ती म्हणाली.

"नाहीच मिळत."

"माझ्यासमोर पेपर आहे. फोटोत बरीच माणसं दिसतायत. एकाच्या तर दोन्ही हातांत बादल्या आहेत."

"तो टाउनो. त्याला फोटोत यायची हौस. बादल्या रिकाम्या आहेत."

"तो म्हणतो, 'आम्हाला बाहेरच्या कोणाची गरज नाही.'"

त्या शहाण्याने असंही सांगून ठेवलं होतं! केर्तू म्हणाली की या गुरुवारी ती आमच्या भागातल्या गोठ्यांची पाहणी करायला येणारच आहे, तेव्हा स्वतः बघेल. गावात हात उपलब्ध असतील तर परवाना देता येणार नाही. नियम आहे.

लिगाया चुलीपाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती वर गेली आणि आपली खोली झाडायला लागली. कोपरे, खिडकी, पलंगाखाली. योर्मानेही जायच्या आदल्या दिवशी खोली अशीच झाडली होती. मी खाली बसून झाडूचा आवाज ऐकत होते आणि मला टाउनोचा गळा दाबावासा वाटत होता. ही पोरगी गेली तर गाई खाटकाकडे जाणार, ते एक. पण खरं सांगायचं तर मला गाईंचं तेवढं वाटत नव्हतं. मला तिच्याशिवाय घर नको होतं.

टाउनोला बोलावून मी त्याची अशी खरडपट्टी काढली की त्याची टोपी हातातच राहिली.

"मला वाटलं, चार चांगले शब्द बोलावे," तो पुटपुटला.

"तुला कोणी सांगितलं बोलायला? उभा जन्म बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी लावून बसलास, तीच गळ्यात घालून फिरायची!"

तो बिचारा रडवेला झाला. मग त्यालाच सुचलं. गुरुवारी सगळ्यांनी यायचं, पण काम वाईट करायचं. दूध सांडायचं, शेण तसंच ठेवायचं, वासरांना उलट्या बाजूने चारा टाकायचा. बाईला दिसलं पाहिजे की हे लोक काही कामाचे नाहीत. रैली म्हणाली, "खोटं बोलायचं नाही ना? फक्त वाईट करायचं?" फक्त वाईट करायचं. मग ठीक, असं सगळे म्हणाले. बुधवारी रंगीत तालीमही झाली. टाउनोने बादलीभर पाणी जमिनीवर ओतलं, क्षणभर बघितलं, आणि त्याच्याच्याने राहवेना म्हणून पोतेरं आणून पुसून काढलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुवार उजाडला. केर्तू आली. लहानखुरी, नाक लाल, शहरातले बूट. आणि माझं गाव! परकं माणूस बघतंय म्हटल्यावर यांच्या अंगातच आलं हो! सगळ्यांचे हात यंत्रासारखे चालले. शेणाचा कण राहिला नाही. टाउनोने गोठ्याची काच पुसली, जी एर्की असतानाही कोणी पुसली नव्हती. रैलीने दूधघराची फरशी घासून आरसा केली. हेलुनाने लाथ उगारली तेव्हा माझ्या जिवात जीव आला, म्हटलं एक तरी शहाणी आहे. पण दारात लिगाया खिशात हात घालून उभी, तिने नुसतं "हेलुना" म्हटलं, आणि गाय मुकाट. मी भिंतीला टेकून उभी होते आणि सगळ्यांकडे डोळे वटारत होते. कोणी माझ्याकडे बघेचना.

"खरंच कौतुकास्पद आहे," केर्तू म्हणाली. "असं गाव मी बघितलं नाही."

संपलं, मी मनात म्हटलं. यांनी चांगुलपणाने पोरीचं तिकीट काढलं.

"कॉफी घेऊन जा," मी म्हटलं. काय बोलणार दुसरं? आणि हो, त्या दिवशी स्वयंपाक मी केला होता. सरकारी पाहुणी येणार, गुरुवार आहे, आणि माझ्या घरात पाहुण्यांपुढे शेवया? लिगायाने दोनदा विचारलं, नानाय, मी करू? मी म्हटलं, आज माझी चूल.

सगळे काम संपवून घरात आले. टाउनोने बूट काढले, नाक वर करून हुंगलं, आणि बूट पुन्हा घातले. "मी निघतो. घरी पाइप गोठलाय बहुतेक."

रैलीला दुकान उघडायचं होतं. तिच्या मागच्याला बहिणीला फोन करायचा होता. त्याच्या मागच्याने तर कारण शोधण्याचीही तसदी घेतली नाही, नुसती टोपी घातली. बघता बघता दारात गर्दी, आणि टेबलावर सगळ्या थाळ्या कोऱ्या.

केर्तू कॉफीचा कप हातात धरून बघत होती. "इर्जिकीला जेवून जातात ना? माझी आजी तर जेवल्याशिवाय कोणाला उंबरा ओलांडू द्यायची नाही."

सगळे पायांकडे बघायला लागले.

"टाउनो," ती म्हणाली, "तुम्ही उद्या सकाळी धारांना येणार ना?"

आता टाउनो चुका करेल, मिरवेल, नको ते बोलेल, पण सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्याने टोपी फिरवली. माझ्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं.

"ते स्वयंपाक कोणाचा आहे त्यावर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"लिगायाचा असला तर येईन. लेम्पीचा असला तर... माझं पोट जरा नरम असतं."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! "काय म्हणालास?"

"लेम्पी, रागावू नकोस. मी पन्नास वर्षं गप्प बसलोय." आणि रैलीकडे वळून, "सांग की तू पण!" रैलीने मान खाली घालून सांगितलं. मागच्यांनीही सांगितलं. हळूहळू सगळ्यांनाच कंठ फुटला. इर्जिकीच्या पहिल्या दिवशी रैलीने सूप गुपचूप डब्यात भरून नेलं होतं आणि कुत्र्यापुढे ठेवलं होतं. कुत्र्याने डबा नाकाने लोटून दिला म्हणे. ही गोष्ट तिने माझ्या स्वयंपाकघरात, सरकारी बाईसमोर सांगितली!

"थोडक्यात," केर्तू म्हणाली, "ही गेली तर तुम्ही कोणी येणार नाही?"

"वाईट वाटेल," टाउनो म्हणाला. "पण नाही."

मग केर्तू लिगायाकडे वळली. लिगाया चुलीजवळ उभी होती, हात अजून खिशात. "तुम्ही इथे राहता. खरंच एवढं वाईट असतं का सूप?"

टाउनो लिगायाच्या कानाशी कुजबुजला, पण बसचालकाची कुजबुज सगळ्या बसला ऐकू जाते. "पोरी, सांग खरं! तुझ्या कार्डाचा प्रश्न आहे!"

लिगायाने माझ्याकडे बघितलं. मी लालबुंद झालेली, हातात पळी, सगळ्या गावासमोर अब्रू गेलेली.

"नानायचं सूप छान असतं," ती म्हणाली. "मी नेहमी दोनदा घेते."

टाउनोने कपाळावर हात मारला.

माझा जीव गलबलला. अहो, एका शब्दाचं काम होतं! तिने 'वाईट' म्हटलं असतं की तिचं घर, तिचं काम, सगळं तिथल्या तिथे वाचत होतं. आणि या वेड्या पोरीने माझी लाज राखायला ते सगळं पणाला लावलं. मग माझ्या सुपाचा तोरा काय चुलीत घालायचाय?

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "सूप भयंकर असतं. माझा एर्की त्यात मोहरीची अख्खी ट्यूब पिळायचा आणि म्हणायचा, मला मोहरी आवडते. मला काय कळत नव्हतं? शेजारच्या घरी सूप असलं की तो मोहरीला हात लावायचा नाही." मी एक थाळी भरली आणि केर्तूपुढे ठेवली. "तू पाहणी करायला आलीयस ना? कर."

तिने चमचा तोंडात घातला. गिळायला जरा वेळ घेतला. खिडकीबाहेर बघितलं. मग पाणी मागितलं.

"यात मीठ?"

"मीठ तब्येतीला वाईट."

"आणि वाटाणे जरा..."

"दातांना व्यायाम नको?"

केर्तूने पाणी संपवलं, पिशवीतून काँप्युटर काढला आणि टेबलावरच्या थाळ्या सरकवून लिहायला बसली. टाउनोने वाचून दाखवायची विनंती केली. तिने वाचलं: "'गावातली मदत जेवणावर अवलंबून असून, कायमस्वरूपी कामासाठी तिच्यावर विसंबता येणार नाही. मालकिणीच्या स्वयंपाकाची प्रत्यक्ष पाहणी केली.'"

"त्यात 'भयंकर' घाल," मी म्हटलं.

"त्याची गरज नाही," ती म्हणाली. "वरिष्ठांना कळेल."

कार्ड बर्फ वितळायच्या आत आलं. राहणं आणि काम, दोन्ही एकावर, आणि कामापुढे शेती. लिगायाने ते चुलीच्या उजेडात धरून बघितलं, ओठांना लावलं, आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून सरळ गोठ्यात गेली. हेलुना काय हंबरली म्हणता! माझं ऑपरेशन झालं. मी इस्पितळात असताना तिने सगळा गोठा एकटीने सांभाळला, आणि गाव घरी बसलं, कारण आता तिला रांधायला वेळ नव्हता. टाउनो दोनदा येऊन विचारून गेला, इर्जिक करायची का? तिने नको म्हटलं.

मी घरी आले त्यानंतरच्या गुरुवारी कुबड्यांवर उभी राहून मी सूप केलं. सवय हो, दुसरं काय. लिगाया गोठ्यातून आली, हात धुतले, अंगाला शेणाचा वास, केसांत वैरणीची काडी. बसली. एक चमचा खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"नानाय, तू यात मीठ का घालत नाहीस गं?"

तिने चमच्याने एक वाटाणा दाबून बघितला.

"आणि वाटाणे आदल्या दिवशी भिजत घालायचे असतात. हे बघ, टणक! सकाळपासून राबलेय मी, हे कसं खायचं?"

"दोनदा घ्यायचीस ना?" मी म्हटलं.

"तेव्हा मी पाहुणी होते," ती म्हणाली आणि थाळी माझ्याकडे सरकवली.

मी पटकन चुलीकडे तोंड केलं. डोळे भरून आले होते, आणि तिला वाटलं असतं मला राग आलाय. राग कसला! त्या टेबलावर बसून मला असं कोणी बोललंच नव्हतं, एर्की नाही की योर्मा नाही. इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मी फडताळ उघडून मिठाचा डबा शोधायला लागले, पण तो कुठे असतो ते मला ठाऊकच नव्हतं. लिगाया उठली आणि तिने वरच्या फळीवरून काढून दिला.